शाल, श्रीफळ आणि थिजलेला खेळ

काही महिन्यांपूर्वी आमच्या चांदवड परिसरातील एका महाविद्यालयात चिकटवह्यांची स्पर्धा झाली. विषय होता 'आमचे खेळ, आमचे खेळाडू'. मराठीचा प्राध्यापक हा निबंधापासून रांगोळीपर्यंत कशाचाही परीक्षक होऊ शकतो, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. त्या समजाला अनुसरून मलाही पाचारण करण्यात आले. बत्तीस वह्या समोर आल्या, चहा आला, गुणपत्रक आले. गुणपत्रकावर चार रकाने होते : छायाचित्रांची संख्या, माहिती, नीटनेटकेपणा आणि सजावट. त्या बत्तीस वह्यांपैकी एका वहीतील पानाला मी दहापैकी चार गुण दिले. तो निर्णय चुकला, असे मला आता वाटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती चूक माझी एकट्याची नव्हती. ती आपल्या साऱ्या शैक्षणिक व्यवहाराची सवय आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चार गुणांचा हिशेब समजावा.

प्रथम उरलेल्या एकतीस वह्यांविषयी. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार सत्काराच्या वहीचा. पान उघडावे तो मध्यभागी एक छायाचित्र. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर मान्यवर, त्यांच्या हातात चषकाचा एक कान, दुसरा कान संघनायकाच्या हातात. मागे फलक. फलकावरची अक्षरे खेळाडूंच्या डोक्यांनी झाकलेली, तरीही 'भव्य' हा शब्द हमखास वाचता येणारा. एका वहीत खो-खोच्या संघाचे असे छायाचित्र होते आणि त्यात एकाही खेळाडूचे पाय दिसत नव्हते! पुढच्या खुर्च्यांनी ते झाकले होते. ज्या खेळात पाय हेच सर्वस्व, त्याच्या स्मृतिपटावर पायांना जागा नाही आणि शालीला मात्र आहे, ही गोष्ट वही करणाऱ्याला, शिक्षकांना, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही खटकली नाही.

दुसरा प्रकार सजावटीच्या वहीचा. स्टेशनरीच्या दुकानात खेळाडूंच्या चित्रांचे छापील तक्ते मिळतात. ते कापून चिकटवलेले. भोवती चमकी, लेस, थर्माकोलचा चेंडू, कागदी बाण. अलीकडे इंटरनेटवर चिकटवहीची तयार पानेही मिळतात. त्यांत तिरक्या रेषा असतात, अक्षरे पळाल्यासारखी कललेली असतात, धावपटूच्या मागे वाऱ्याचे तीन फराटे असतात. ही पाने पाहून काही परीक्षक 'किती गतिमान मांडणी आहे' असे म्हणतातही. पण फराटे ही गतीची खूण झाली. ते कोणत्याही धावपटूच्या मागे लावता येतात, आणि म्हणूनच ते कोणत्याच धावपटूचे नसतात. कवितेत 'हुरहुर' हा शब्द दहा वेळा लिहिला म्हणून वाचकाला हुरहुर लागत नाही, हे आपण प्रथम वर्षाच्या वर्गात शिकवतो. तेच सूत्र वहीच्या पानाला लावायला मात्र विसरतो.

आता ते चार गुणांचे पान. वही खो-खो खेळणाऱ्या एका विद्यार्थिनीची होती. पानावर एकही छायाचित्र नव्हते. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने खो-खोचे मैदान आखलेले : दोन टोकांना दोन खांब, मधली पाटी, पाटीवर आठ चौकोन. प्रत्येक चौकोनात बसलेल्या खेळाडूसाठी एक टिकली, आणि तिचे तोंड कोणत्या बाजूला आहे ते दाखवणारी बारीक रेघ, एक इकडे, एक तिकडे. या टिकल्यांमधून नागमोडी जाणारा लाल दोरा सुईने शिवलेला. खो-खोत जिला एकेरी साखळी म्हणतात, ती हीच. जिथे तिने हुलकावणी दिली तिथे दोऱ्याला गाठ. अशा पाच गाठी. सहाव्या ठिकाणी दोरा तुटलेला, त्याची टोके पिंजलेली, आणि त्याच्या शेजारी निळ्या शाईत एकच वाक्य : इथे मला वाटले ती खो देईल, तिने दिला नाही.

बस्स. तिचा संघ ती स्पर्धा हरला होता, म्हणून चषक नव्हता आणि चषकासह छायाचित्रही नव्हते. पहिल्या रकान्यात शून्य. दोऱ्याची टोके सुटलेली, म्हणून नीटनेटकेपणात एक. सजावट नाही, म्हणून तिथेही एक. माहितीचे दोन. एकूण चार. गणित बिनचूक होते.

घरी आल्यावर मात्र बत्तीस वह्यांपैकी मला आठवत राहिली ती ही एकच. त्या तुटलेल्या दोऱ्यापाशी एका खेळाचा अख्खा निर्णायक क्षण होता. खो-खो खेळलेल्या माणसाला ठाऊक असते की, पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, त्याला मधली पाटीही ओलांडता येत नाही. या दोन बंधनांवरच पळणाऱ्याचा सारा हिशेब उभा असतो. समोरची खो देणार, की स्वतःच पुढे येणार? हा अंदाज निमिषात बांधायचा आणि त्यावर शरीर झोकून द्यायचे. तिचा अंदाज पाच वेळा बरोबर आला, सहाव्यांदा चुकला. हे सारे त्या पानावर होते. अन्य एकतीस वह्यांत खेळाडू होते, खेळ नव्हता. या एका पानावर खेळाडूचा चेहरा नव्हता, पण खेळ होता.

येथे साहित्याच्या अभ्यासकांनी कान टवकारायला हवेत, कारण हा प्रश्न मुळात भाषेचा आहे. सत्काराच्या पानांखालचे मथळे पाहा. 'घवघवीत यश संपादन केल्याबद्दल', 'नेत्रदीपक कामगिरी', 'मान्यवरांच्या शुभहस्ते', 'सन्मानित करण्यात आले'. या वाक्यांत क्रियापद कोणाच्या वाट्याला आले आहे? सन्मान करणाऱ्याच्या. खेळाडू वाक्यात कर्मस्थानी बसला आहे, त्याला काहीतरी 'करण्यात आले' आहे. त्याने स्वतः जे केले, म्हणजे झेप घेतली, वळला, थांबला, चुकला, त्यासाठी आपल्या मथळ्यांत एकही धातू नाही. खो-खोच्या बातमीत तर सारा खेळ अमुक मिनिटे संरक्षण आणि अमुक गडी बाद एवढ्या आकड्यांत संपतो. आमच्या आधीच्या पिढीने बाळ ज. पंडितांचे मराठी क्रिकेट समालोचन रेडिओवर ऐकले. समोर काहीही दिसत नसताना केवळ वर्तमानकाळी क्रियापदांच्या बळावर चेंडू सीमारेषेकडे जाताना 'दिसत' असे, असे ते लोक सांगतात. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाला स्वतःचे पान मिळवून दिले. संदीप पाटलांच्या संपादनाखालचे 'एकच षटकार' घराघरांत जपून ठेवले गेले. म्हणजे गतीचे वर्णन करण्याची ताकद मराठीत नाही, असे मुळीच नाही. ती ताकद आपण शाळा-महाविद्यालयांच्या वह्यांत, वार्षिकांकांत, अहवालांत येऊ दिली नाही, एवढेच.

आमच्याच नाशिक जिल्ह्यातील धावपटू कविता राऊत हिला लोकांनी 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हटले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. पण त्या दोन शब्दांत पदक नाही, पाडा आहे आणि वेग आहे. लोकांना जमले ते आपल्या वार्षिकांकांच्या संपादकांना का जमू नये?

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, पान हे मुळातच स्थिर, त्यावर हालचाल येणारच कशी? आक्षेप जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुने आहे. जर्मन समीक्षक लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकून' या ग्रंथात चित्र आणि काव्य यांच्या सीमा आखल्या. काव्य काळात उलगडते, चित्राला एकच क्षण मिळतो. म्हणून चित्रकाराने असा क्षण निवडावा की, ज्यातून आधीचे आणि नंतरचे दोन्ही कळेल. आणि परमोच्च बिंदूचा क्षण शक्यतो टाळावा, कारण त्याच्या पलीकडे कल्पनेला जायला वाट उरत नाही. आता आपले सत्काराचे पान या कसोटीवर धरा. त्याने परमोच्च क्षणही निवडलेला नाही. सारे संपल्यानंतरचा, कपडे बदलून केस विंचरल्यानंतरचा क्षण निवडला आहे! त्यातून आधीचे काही कळत नाही आणि नंतरचे काही उरलेले नाही.

१८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे टिपली. धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे मांडले आणि आडवे दोरे ताणले. घोडा पुढे गेला की दोरा ओढला जाई आणि त्या-त्या कॅमेऱ्याची झडप उघडे. त्यातून सिद्ध झाले की, घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, पण ते सुटतात तेव्हा पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या पुढे-मागे ताणलेले पाय रंगवत आले होते. गतीची जी खूण सर्वांना पटत होती, ती खोटी निघाली. वाऱ्याच्या फराट्यांवर माझा राग का आहे, हे यावरून लक्षात यावे. आणि दोऱ्याने खेळाची वाट शिवणारी ती मुलगी, मायब्रिजचे नावही न ऐकता, त्याच्या किती जवळ होती, हेही.

बरे, इतके दूर तरी कशाला जायचे? दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा १९१३ चा चित्रपट सर्वांना माहीत आहे. पण त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपट्याची वाढ ठरावीक काळाने एकेक चौकट टिपत पडद्यावर आणली होती. डोळ्यांना स्थिर वाटणाऱ्या रोपात हालचाल आहे, आणि ती स्थिर चौकटींच्या मालिकेतूनच दाखवता येते, हे त्यांना उमगले होते. पालघरपासून आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम भागापर्यंत पसरलेली वारली चित्रकला पाहा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड. वरचा त्रिकोण किंचित कलला की माणूस पळू लागतो, आणखी कलला की नाचू लागतो. तारप्याभोवतीच्या नाचाचे वर्तुळ पाहताना नजर आपोआप फिरू लागते. ना फराटे, ना चमकी. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे ठेवली. ज्या मुलांच्या आजूबाजूला ही परंपरा आहे, त्यांना आम्ही तयार तक्ते कापायला सांगतो, याला काय म्हणावे?

मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रावर आपण परीक्षेत सोळा गुणांचे प्रश्न विचारतो. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची लयतत्त्वे विद्यार्थी घोकतात. पण ती तत्त्वे हातात कात्री असताना कधी वापरायला सांगतो का? सत्काराचे पान म्हणजे नुसता समतोल : मध्ये मान्यवर, दोन्ही बाजूंना सारखेच खेळाडू. विरोध नाही, म्हणून ताण नाही, आणि ताण नाही तिथे गती येणार कुठून?

हे केवळ तात्त्विक बोलणे वाटू नये म्हणून एक पान प्रत्यक्ष मांडून दाखवतो, आणि तेही आमच्याच तालुक्यातल्या माणसाचे. तळेगाव रोही हे चांदवड तालुक्यातील गाव. तेथील दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याच्या कामावर राबले, २०१२ मध्ये सैन्यात गेले, तिथे त्यांच्या हाती वल्ही आली, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते भारताचे एकमेव नौकानयनपटू होते. एकेरी स्कल्स प्रकारात त्यांनी 'क' अंतिम फेरी ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली. एकूण क्रमांक तेरावा. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. स्पर्धेतील ज्या वह्यांत ते होते, त्यांत सुवर्णपदकाचे छायाचित्र होते आणि पुरस्काराचे होते. रिओची शर्यत एकाही वहीत नव्हती. स्वाभाविकच आहे. तेरावा क्रमांक सत्काराच्या पानावर बसत नाही.

पण खेळ म्हणून पाहिले तर ती शर्यत केवढी मोठी सामग्री आहे! नौकानयनात नाविक ध्येयाकडे पाठ करून बसतो. त्याला दिसते ते फक्त मागे पडलेले पाणी. जिथे पोचायचे ती रेषा त्याला दिसत नाही, ती पाठीमागून येते. आसन सरकते असते. गुडघे छातीशी येतात, वल्ही पाण्यात बुडतात, पाय ताठ होतात, आणि जोर हातांपेक्षा पायांतूनच अधिक येतो. दोन हजार मीटरमध्ये हे दोनशेच्या वर वेळा घडते. आता वहीची समोरासमोरची दोन पाने एक समजा. डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ ओढा, ही दोन हजार मीटर. पाचशे-पाचशे मीटरवर खूण करा. रेघेवर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासाठी एक बारीक काडी काढा. दोनशे काड्या काढताना हात भरून येईल, येऊ द्या. नाव उजवीकडे जाते आहे, पण नाविकाचे तोंड डावीकडे काढा. वाचकाची नजर पुढे आणि नाविकाची मागे : हा झाला विरोध. काड्यांची आवर्तने हा संवाद. दोन बाजूंची दोन वल्ही हा समतोल. शेवटच्या काडीपाशी वर्तमानपत्रातून कापलेले वेळेचे आकडे, आणि बाकी पान मोकळे. पेन्सिल, पट्टी आणि एक कात्रण एवढ्यात हे होते. कॅमेरा नाही, महागडा कागद नाही. 'ग्रामीण विद्यार्थ्यांकडे साधने कुठे?' हा जो दुसरा आक्षेप नेहमी तयार असतो, त्याचे उत्तर हेच.

तिसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे आणि तो आपल्याच कर्मचारी-कक्षातून येतो. महाविद्यालयाला मूल्यांकनाला सामोरे जायचे असते. नॅकसाठी पुरावा लागतो. उपक्रमाचे छायाचित्र हवे, त्यावर अक्षांश-रेखांश आणि वेळ उमटलेली हवी. मान्य. त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. फायलीसाठी लागते ते फायलीत ठेवावे. पण पुराव्याची दृष्टी हीच आठवणीची दृष्टी होऊन बसली, तर काय होते ते पाहा. सामना ऐन रंगात असताना तो थांबवून फलक धरायला लावतात, ओळीत उभे करतात, छायाचित्र घेतात, आणि मग 'चला, खेळा आता'. मी हे स्वतः पाहिले आहे आणि त्या ओळीत कडेला उभाही राहिलो आहे. अक्षांश-रेखांशावरून एवढेच सिद्ध होते की, अमुक वेळी अमुक जागी माणसे उभी होती. ती खेळली, याचा पुरावा त्यात कुठे आहे?

आणि या साऱ्यात खरे नुकसान कोणाचे होते? जिंकणाऱ्याचे फारसे नाही. त्याला निदान चषक मिळतो. नुकसान होते ते हरलेल्यांचे, म्हणजे बहुसंख्य खेळणाऱ्यांचे. कोणत्याही स्पर्धेत एक संघ जिंकतो आणि बाकी सारे हरतात. सत्कार हाच वहीचा निकष ठेवला, तर हरलेल्या प्रत्येकाला आपण सांगतो की, तुझ्या धावण्याची, तुझ्या पाच हुलकावण्यांची आठवण ठेवण्यासारखी नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही संघांचे नायकत्व प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. यंदाच्या वह्यांत त्यांची चषकासह छायाचित्रे अपेक्षेप्रमाणे भरपूर होती. ती असावीतच. पण त्या चषकाच्या मागे गावोगावच्या मैदानांवर संध्याकाळी बाद होऊन बाजूला येऊन बसलेल्या हजारो मुली आहेत. त्यांचा खेळ कोणत्या पानावर येणार?

म्हणून वार्षिकांकांच्या संपादकांना, स्पर्धांच्या संयोजकांना आणि माझ्यासारख्या हौशी परीक्षकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गुणपत्रकातून 'छायाचित्रांची संख्या' हा रकाना काढून टाकावा, आणि त्याजागी 'या पानावरून खेळ कसा झाला ते कळते काय?' हा प्रश्न लिहावा. प्रत्येक पानावर खेळाडूने स्वतः लिहिलेले, स्वतः कर्ता असलेले निदान एक वाक्य असावे. 'करण्यात आले' असे क्रियापद दिसले तर ते पान परत करावे. आणि दर वहीत एक पान हरलेल्या सामन्याचे असलेच पाहिजे, असा दंडक घालावा.

स्पर्धेचा निकाल केव्हाच लागला. पहिले बक्षीस सत्काराच्या एका सुबक वहीला मिळाले. बक्षीस समारंभात त्या विजेत्या विद्यार्थ्याला मंचावर बोलावून शाल आणि श्रीफळ देण्यात आले, छायाचित्र घेण्यात आले, आणि ते पुढच्या वर्षी कोणाच्या तरी वहीत चिकटेल, यात मला शंका नाही. मीही त्या छायाचित्रात आहे, डावीकडून तिसरा. ती दोऱ्याची वही मी त्यानंतर मागवली. विद्यार्थिनीने ती परत नेली होती, असे कळले. बरे झाले. आमच्या कपाटात तिची जागा नव्हती. तिला निरोप पाठवला आहे की, गुण देण्यात चूक झाली, वही पुन्हा पाहायला मिळाली तर उपकार होतील. अद्याप उत्तर आलेले नाही, आणि ते न आले तरी मला तक्रार करण्याचा अधिकार नाही.